अंतराळ-वसाहतीचा खेळ आणि 'निःस्वामिक भूमी'ची कल्पना : 'अल्फा सेंटॉरी'तील एका मोहिमेचा मागोवा

प्रास्ताविक

वसाहतवादाच्या अभ्यासासाठी आपण साधारणतः करारपत्रे, महसुली दप्तरे, प्रवासवर्णने, नकाशे व संसदीय अहवाल ही साधने वापरतो. संगणकावरील खेळ या यादीत सहसा येत नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने तो विद्यार्थ्यांचा वेळ खाणारा एक छंद असतो आणि त्या मतात तथ्य नाही असेही नाही. तथापि, साम्राज्य म्हणजे काय, प्रदेश 'मिळवणे' म्हणजे काय, तह कशासाठी करावयाचा आणि केव्हा मोडावयाचा, याविषयीच्या अनेक कल्पना आजचा विद्यार्थी वर्गात येण्यापूर्वीच अशा खेळांतून घेऊन येतो. वसाहतवादावरील पहिले व्याख्यान सुरू होण्याआधी त्याने चार-दोन खंड जिंकलेले असतात. या पूर्वज्ञानाचे स्वरूप तपासणे इतिहासाच्या शिक्षकास आवश्यक वाटते, आणि त्याच हेतूने प्रस्तुत लेखकाने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिड मायर्स अल्फा सेंटॉरी' या खेळातील एक मोहीम आरंभापासून अखेरपर्यंत खेळून तिची टिपणे ठेवली. त्या टिपणांचा येथे इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. मोहिमेच्या वर्णनापुरता प्रथमपुरुषी एकवचनाचा वापर केला आहे, कारण त्या वर्णनातील काही निर्णयांची जबाबदारी 'प्रस्तुत लेखक' या बिरुदामागे लपविणे योग्य ठरणार नाही.

खेळाची पूर्वपीठिका

पटावर युद्ध मांडण्याची परंपरा आपल्याकडे चतुरंगापासूनची. युरोपात प्रशियाच्या सैन्याने १८२४ च्या सुमारास राइसविट्झ पितापुत्रांचा 'क्रीगस्पील' अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला, तेव्हापासून अशा खेळांना राज्यसंस्थेची प्रतिष्ठा लाभली. मात्र या दोन्ही प्रकारांत दोन सैन्ये समोरासमोर असतात. त्यांच्यामधील भूमीवर कोण राहते हा प्रश्न पटावर येत नाही. संगणकाने पट मोठा केला. अज्ञात प्रदेश अंधारात ठेवणे, तो पावलापावलाने उजळणे, तेथे वस्ती करणे, शेती व खाणी काढणे हे सर्व खेळाचा भाग झाले. 'मास्टर ऑफ ओरायन' या १९९३ च्या खेळाविषयी लिहिताना अमेरिकन समीक्षक ॲलन एमरिक यांनी या प्रकाराला चार क्रियापदांचे नाव दिले : शोधणे, विस्तारणे, उपसणे आणि नष्ट करणे. एखाद्या वसाहती कंपनीच्या कारभाराचा आराखडा याहून थोडक्यात मांडता येणे कठीण आहे, आणि हे नाव टीका म्हणून नव्हे, कौतुकाने दिले गेले होते!

'अल्फा सेंटॉरी'चा रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स याची त्यापूर्वीची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. सिड मायर यांच्यासमवेत त्याने १९९४ साली 'कॉलनायझेशन' हा खेळ रचला. त्यात इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश व डच यांपैकी एका राष्ट्राच्या वतीने अमेरिका खंडात वसाहत करावयाची असते. इंका, अॅझ्टेक, इरोक्वा, चेरोकी आदी आठ मूलनिवासी समाज त्यात आहेत. त्यांच्याशी व्यापार करता येतो, त्यांच्याकडून तंबाखू-कापसाची शेती शिकता येते, त्यांच्यात मिशनरी पाठविता येतात आणि त्यांची गावे जाळताही येतात. गुलामांचा व्यापार मात्र या खेळात अजिबात नाही. ज्या अर्थव्यवस्थेत साखर, तंबाखू व कापूस केंद्रस्थानी आहेत तिच्यातून गुलामगिरी वगळली की उरते ती मुक्त श्रमिकांनी उभारलेली एक उद्यमशील वसाहत. खेळाच्या शेवटी ती राजाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारते. वसाहत करणारा अशा रीतीने अखेरीस स्वातंत्र्यवीर ठरतो.

रेनॉल्ड्सने १९९६ साली मायर व जेफ ब्रिग्ज यांच्यासह 'फिरॅक्सिस' ही संस्था काढली आणि तीन वर्षांनी 'अल्फा सेंटॉरी' बाजारात आला. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' या मायर यांच्या गाजलेल्या खेळात विजयाचा एक मार्ग म्हणजे अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे यान पाठविणे हा होता. नव्या खेळाने तेथूनच कथा पुढे नेली. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या मंगळविषयक कादंबरीत्रयीची छायाही त्यावर स्पष्ट दिसते. सारांश, 'कॉलनायझेशन'मध्ये मूलनिवासी होते म्हणून अपराधही होता. अंतराळात गेल्यावर मूलनिवासी उरले नाहीत. अपराधाचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

सात गट

खेळाची कथा अशी : पृथ्वी विनाशाच्या उंबरठ्यावर असताना संयुक्त राष्ट्रांनी 'युनिटी' हे यान २०६० साली धाडले. चाळीस वर्षांच्या प्रवासाच्या अखेरीस यानात बिघाड झाला, बंडाळी माजली, कप्तानाचा खून झाला आणि प्रवासी सात गटांत विभागून 'कायरॉन' नावाच्या ग्रहावर उतरले. त्या ग्रहाला सर्वजण नुसते 'प्लॅनेट' म्हणतात.

हे गट राष्ट्रांवर आधारलेले नाहीत, विचारसरणींवर आहेत. निसर्गवादी, हुकूमशाही समूहवादी, विज्ञाननिष्ठ, भांडवलदार, लष्करी, धर्मनिष्ठ आणि संयुक्त राष्ट्रांचे वारस अशी त्यांची वाटणी आहे. पण प्रत्येक नेत्याला एक राष्ट्रीयत्व चिकटलेले आहेच. हुकूमशहा शेंग-जी यांग चिनी, वैज्ञानिक झाखारॉव रशियन, धर्मनिष्ठ मिरियम गॉडविन्सन अमेरिकन. भांडवलदार न्वाबुडिके मॉर्गन आफ्रिकन आहे, आणि हा एक अपवाद सोडला तर शीतयुद्धोत्तर पाश्चात्त्य मनातील जगाचा नकाशाच येथे दिसतो. संयुक्त राष्ट्रांचा वारसा एका भारतीयाकडे, आयुक्त प्रवीण लाल याच्याकडे दिला आहे. लाल पेशाने शल्यचिकित्सक आहे. कोरियन युद्धात भारताने लढाऊ पलटण न पाठविता ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले होते आणि १९५३ मध्ये युद्धकैद्यांसंबंधीच्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते, हे येथे वाचकांना सहज आठवेल. खेळाच्या रचनाकारांना ते ठाऊक असेलच असे नाही. परंतु मध्यस्थ व शुश्रूषा करणारा भारत ही नेहरूकालीन प्रतिमा शतकाच्या अखेरीस एका अमेरिकन करमणुकीत टिकून होती, हे नोंदविण्याजोगे आहे. अर्थातच मी लाल याचा गट निवडला.

मोहिमेचा आरंभ

खेळ २१०१ या वर्षी सुरू होतो. 'यू. एन. हेडक्वार्टर्स' या पहिल्या वसाहतीभोवती काळोख असतो. पथके पाठवावी तसा नकाशा उजळतो आणि जागोजाग लालसर रंगाच्या बुरशीचे पट्टे दिसू लागतात. या 'झेनोफंगस'मधून चालणे अवघड, सुरुवातीस तेथे पीक जवळजवळ नाही आणि त्यातून 'माइंड वर्म' नावाचे कृमी निघून माणसांच्या मनावर हल्ला करतात. भूसुधारणा करणारी पथके ही बुरशी उपटून तेथे शेत, खाण वा सौरसंच उभारू शकतात. पहिल्या पन्नास वर्षांत माझ्या पथकांनी हेच काम अखंड केले.

'सिव्हिलायझेशन'मध्ये वाटेत लहान टोळ्यांची गावे लागत. खेळाडूचे पथक गावात शिरले की कधी सोने मिळे, कधी विद्या, कधी भाडोत्री शिपाई. गाव मात्र नकाशावरून नाहीसे होई. देणगी देऊन अदृश्य होणारा मूलनिवासी ही वसाहती साहित्यातील जुनीच व्यक्तिरेखा होय. 'अल्फा सेंटॉरी'त त्या गावांची जागा 'युनिटी' यानातून विखुरलेल्या पेट्यांनी घेतली आहे. पेटी उघडावी व लाभ घ्यावा. ती आपल्याच यानाची असल्याने कोणाचे काही हिरावले असा प्रश्नच उद्भवत नाही. दोन खेळांमधील हा बदल लहान दिसतो, पण त्याने वसाहतकाराची पाटी पुसून स्वच्छ होते.

ज्या भूमीवर सार्वभौम म्हणून मान्य होईल असा कोणी नाही, तिचा प्रथम ताबा घेणारा तिचा स्वामी, हे 'टेरा न्युलिअस' किंवा निःस्वामिक भूमीचे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीमागे होते. तेथील सर्वोच्च न्यायासनाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्याच्या निकालात ते नाकारले. त्यानंतर सात वर्षांनी आलेल्या या खेळाने, निदान पहिल्या पन्नास वर्षांपुरती, खरोखरीच निःस्वामिक अशी एक भूमी खेळाडूच्या हाती दिली. ब्रिटिश अमदानीतील 'पडीक' जमिनीची व्याख्या आणि १८६५ व १८७८ चे वन कायदे मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. महसूल न देणारी भूमी कागदावर कशी ओसाड ठरली, हे विद्यार्थ्यांना समजावून देताना मी कधी अडखळलो नाही. तरीही पटावरील लालसर पट्टे पाहताना माझ्या टिपणवहीत जो शब्द उतरला तो 'पडीक' हाच होता.

परिषद आणि सनद

सर्व गटांशी संपर्क झाल्यावर ग्रह-परिषद भरविता येते. मते लोकसंख्येच्या प्रमाणात असतात आणि ग्रहाचा राज्यपाल अथवा सर्वोच्च नेता निवडताना लाल याच्या मतांना दुप्पट मोल असते. त्यामुळे राज्यपालपद मला फारसे सायास न पडता मिळाले. मते विकत घेता येतात, हेही लवकरच कळले. कोणास तंत्रज्ञान हवे असते, कोणास ऊर्जा, जी येथे चलन म्हणून चालते. पराभूत गट शरण येऊन मांडलिक झाला की त्याचे मतही आपल्या पदरात पडते. तैनाती फौजेचा अध्याय शिकविणाऱ्यास ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

संयुक्त राष्ट्रांची सनद परिषदेत आरंभापासून लागू असते. विषारी वायूचा वापर, असंतुष्ट नागरिकांच्या मज्जासंस्थेत हस्तक्षेप करून त्यांना निमूट करणे, अशा कृत्यांना ती अत्याचार ठरविते व अत्याचारी गटावर आर्थिक निर्बंध येतात. यांगशी माझे युद्ध जुंपले आणि बरीच वर्षे रेंगाळले. त्याची शहरे खोदलेल्या तटांमागे होती. माझे सैन्य थकले होते. वायूचा उपाय उपलब्ध होता, पण निर्बंध परवडणारे नव्हते. तेव्हा सनद रद्द करण्याचा ठराव मीच मांडला. झाखारॉवला एक शोध देऊ केला, मॉर्गनला ऊर्जा दिली आणि ठराव संमत झाला.

खेळाच्या नियमांनुसार प्रत्येक नेत्याला एक धोरण निषिद्ध असते. लाल यास पोलिसी राज्य स्वीकारता येत नाही, जसे मॉर्गनला नियोजित अर्थव्यवस्था स्वीकारता येत नाही. परंतु ज्या सनदेचा तो वारस म्हणवितो ती रद्द करण्यास त्याला कोणतीही आडकाठी नाही. ही रचनाकारांची नजरचूक असेल. तरीही संस्थांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ती फार बोलकी वाटेल. संस्थापकाच्या तोंडी तत्त्वे राहिली, कार्यपद्धतही बिनचूक पाळली गेली, बहुमत रीतसर मिळाले. आणि त्या रीतसरपणानेच सनद गेली. दोन शहरे मी वायूने घेतली. तिसऱ्याच्या वेळी मी खेळ थांबवून दोन दिवस संगणक उघडला नाही, एवढेच येथे नमूद करतो.

भूमीचा प्रतिकार

युद्धाचा खर्च भागविण्यासाठी मी मुक्त बाजारपेठेचे धोरण घेतले होते. त्याने उत्पन्न वाढते, पण ग्रहाशी असलेले नाते घसरते. खोल विवरे खणून खनिज व ऊर्जा काढण्याचा सपाटा चालूच होता. एके वर्षी माझ्या एका समृद्ध शहराभोवतीच्या शेतांत बुरशी एकाएकी उगवली, शेते गेली आणि तिच्यातून निघालेल्या कृमींनी शहरावर हल्ला केला. पुढे असे वारंवार घडू लागले. मग समुद्राची पातळी वाढू लागली व किनाऱ्यावरील एक वसाहत बुडाली.

येथे खेळ आपल्या पूर्वजांपासून वेगळा होतो. कथेच्या ओघात मधूनमधून येणाऱ्या निवेदनांतून उलगडते की बुरशीचे हे जाळे म्हणजे एक विशाल, अर्धवट जागे झालेले मन आहे. ज्याला आपण जमीन समजलो तोच मूलनिवासी होता. नियमांतही याची दखल आहे : जसजसे शोध लागतात तसतसे बुरशीच्या चौकोनातून अन्न, खनिज व ऊर्जा मिळू लागते आणि अखेरीस तो शेताहूनही अधिक फलद्रूप ठरू शकतो. निसर्गवादी डिअर्ड्रे स्काय हिच्या गटाला हा लाभ आरंभीच थोडाफार मिळतो. माझ्या वाट्याला तो आला तेव्हा माझ्या हद्दीत बुरशी जवळपास उरली नव्हती. वन कायद्यांनंतर काही दशकांनी वनसंपत्तीविषयी वनवासींकडून शिकू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची आठवण व्हावी, असा हा प्रसंग होता.

खेळाचा सर्वोच्च विजय म्हणजे या ग्रह-मनाशी मानवी मनाचे ऐक्य, ज्याला 'ट्रान्सेंडन्स' म्हटले आहे. अनेक समीक्षकांनी यात वसाहतवादावरील टीका वाचली आहे. प्रस्तुत लेखकास ते अर्धेच मान्य आहे. भूमीला मन आहे हे कबूल करून खेळाने निःस्वामिकतेचे तत्त्व खोडले हे खरे. परंतु ऐक्याचा प्रकल्प जो गट प्रथम पूर्ण करील तोच जिंकतो. म्हणजे मूलनिवाशाशी समेटसुद्धा इतर सहा जणांवर मात करण्याचे साधन होतो. शिवाय परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहावे. तिच्यात राज्यपालाची निवड आहे, व्यापार-करार आहे, ध्रुवीय बर्फ वितळविण्याचा व सूर्यछत्र उभारण्याचा ठराव आहे, सनद रद्द व पुनःस्थापित करण्याचे ठराव आहेत. ग्रहाची जमीन कोणाची, या विषयावर मात्र एकही ठराव नाही. सनद मोडताना मला निदान सभा बोलवावी लागली आणि मते विकत घ्यावी लागली. बुरशी उपटताना कोणाला काही विचारावे लागले नाही.

पृथ्वीवरील करार

खेळातील परिषदेने टाळलेला प्रश्न वास्तवातील संयुक्त राष्ट्रांनी मात्र फार आधी हाती घेतला होता, हा विरोधाभास लक्षणीय आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार चंद्र व इतर खगोलांवर सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर करून किंवा ताबा घेऊन कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. 'वापर' व 'ताबा' हे शब्द तेथे मुद्दाम आले आहेत; वसाहतींचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांनीच ते घातले असणार. नवस्वतंत्र राष्ट्रांना एवढ्याने समाधान वाटले नाही. कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, युगांडा, इंडोनेशिया आदी आठ विषुववृत्तीय देशांनी ३ डिसेंबर १९७६ च्या बोगोटा घोषणेत आपल्या माथ्यावरील भूस्थिर कक्षेवर हक्क सांगितला. तो टिकला नाही. पण जे प्रथम पोहोचतील तेच कक्षा व्यापतील, ही त्यामागची भीती निराधार नव्हती. १९७९ च्या चंद्र-कराराने खगोलांवरील संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानली. भारताने १९८२ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली, अनुसमर्थन केले नाही. कोणत्याही प्रमुख अंतराळ-सत्तेने केले नाही.

यानंतर वारे फिरले. अमेरिकेने २०१५ मध्ये व लक्झेंबर्गने २०१७ मध्ये खगोलांवरून काढलेल्या संपत्तीवर खासगी मालकी मान्य करणारे कायदे केले. २०२० च्या आर्टेमिस संकेतांत, संपत्ती काढणे म्हणजे स्वतःहून राष्ट्रीय मालकी सांगणे नव्हे, असे कलम आहे आणि कामाच्या जागेभोवती 'सुरक्षा-क्षेत्रे' आखण्याची तरतूद आहे. भारताने जून २०२३ मध्ये या संकेतांवर स्वाक्षरी केली. दोन महिन्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशानजीक उतरले. चंद्रावर बुरशीही नाही आणि मनही नाही, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण जमिनीची मालकी न सांगता जमिनीतून निघेल ते आपले, ही कायदेशीर मांडणी इतिहासाच्या अभ्यासकांना पूर्वी भेटलेली आहे. वखारीभोवतीचे कुंपणही प्रथम सुरक्षिततेसाठीच घातलेले असे.

'फिरॅक्सिस'ने २०१४ मध्ये 'सिव्हिलायझेशन : बियॉन्ड अर्थ' हा याच वळणाचा नवा खेळ काढला. त्यात विचारसरणींचे गट जाऊन पुन्हा राष्ट्रसमूह आले आहेत, आणि दक्षिण आशियाचे प्रतिनिधित्व कविता ठाकूर ही धर्मगुरूच्या वळणाची नेती करते. पंधरा वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या शल्यचिकित्सकाची जागा कोणी घेतली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

माझी मोहीम विजयाने संपली. प्रकल्प पूर्ण झाला, ग्रहाशी ऐक्य झाले, गुणांची बेरीज पडद्यावर आली. बुडालेल्या वसाहतीचे वा यांगच्या त्या दोन शहरांचे नाव त्या पडद्यावर नव्हते. ते माझ्या टिपणवहीत आहे आणि त्याच पानावर, पहिल्या पन्नास वर्षांच्या नोंदींत, 'पडीक' हा शब्द अकरा वेळा आला आहे.